वाकडे फूल आले, म्हणून घाई करू नका

आमच्या कल्याणच्या घराला गॅलरी आहे ती नावापुरती. तीन फूट रुंद. तिथेच कपडे वाळतात, तिथेच पाण्याचे पिंप, आणि उरलेल्या जागेत माझ्या ऑर्किडच्या नऊ कुंड्या. ऑर्किड म्हणजे फक्त बंगलेवाल्यांचे फूल, असा आपला समज असतो. तो खरा नाही. डेंड्रोबियम जातीचे ऑर्किड कोळसा, नारळाची सोडणे आणि विटांचे तुकडे एवढ्यावर छान वाढते. आपल्या सह्याद्रीतही ऑर्किडच्या कितीतरी जाती आहेत. मराठीत त्यांना आमरी म्हणतात. झाडाच्या फांदीवर त्या दिसल्या की लोक सरसकट 'बांडगूळ' म्हणून मोकळे होतात. पण बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी फांदीवर नुसती बसते, आणि हवेतला ओलावा व पावसाचे पाणी यांवर जगते.

तर एका मे महिन्यात माझ्या जांभळ्या डेंड्रोबियमला फुलांचा दांडा आला. आठ महिने वाट पाहिली होती. पहिली कळी उमलली आणि घरातले सगळे गोळा झाले. फूल वेडेवाकडे होते. एक पाकळी जिभेसारखी दुमडलेली, मधला ओठ अर्धाच, आणि कडा चुरगळलेल्या. दुसरे फूल उमलले, तेही तसेच.

सासूबाई म्हणाल्या, "कुणाची तरी नजर लागली गं." शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची आणून कुंडीच्या तारेला बांधली. मुलगा म्हणाला, "आई, टाकून दे ते." मी यांतले काहीच ऐकले नाही, पण केले ते त्याहून वाईट. स्वयंपाकघरातली कात्री घेतली, तो दांडा कापला आणि हातासरशी बाकीच्या आठ कुंड्यांचे वाळके दांडेही त्याच कात्रीने कापून टाकले. गॅलरी स्वच्छ झाली म्हणून मला बरेच वाटले. ती चूक होती, हे मला पुढे कळले. तीच चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हा लेख.

नजर लागून पाकळी वाकत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, तसे वाकड्या फुलालाही असते. ते शोधायचे, तर आधी सरळ फूल कसे असते ते ठाऊक हवे.

फूल मोजून पाहा

ऑर्किडचे फूल हातात घेतले की बाहेरच्या बाजूला तीन पाकळ्यांसारखे भाग दिसतात. कळी मिटलेली असताना तेच तिला झाकून ठेवतात. त्यांच्या आत खऱ्या तीन पाकळ्या. त्यांपैकी दोन सारख्या, आणि तिसरी अगदी वेगळ्या आकाराची. तिलाच ओठ म्हणतात. मधमाशी येऊन बसते ती बहुधा या ओठावर. मधोमध एक लहानसा खांब असतो. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे असतात. ऑर्किडमध्ये ते या एकाच खांबात जुळलेले असतात. बाहेर तीन, आत दोन आणि एक ओठ, मध्ये खांब. एवढी मोजणी केली की फुलात नेमके काय बिघडले आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळते.

त्यानंतर स्वतःला चार प्रश्न विचारावेत. एकच फूल वाकडे आहे की दांड्यावरची सगळी? मागच्या बहरात फुले कशी होती? नुसता आकार बिघडला आहे की रंगही फुटला आहे? आणि फुलात, कळीत, देठाच्या बेचक्यात काही हलते आहे का?

उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. फोनवर फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले. कारण खरा निकाल बहुधा पुढच्या बहरातच लागतो, आणि तोवर आपण विसरून जातो.

आधी किडे शोधा

फूल वाकडे येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे किडे. कळी अगदी लहान असताना तिला दंश झाला, तर ती जागा वाढत नाही. बाकीची पाकळी वाढत राहते, आणि फूल उमलते तेव्हा ते मुरडलेले दिसते. किडा कदाचित कधीच निघून गेलेला असतो, व्रण तेवढा मागे राहतो.

फुलकिडे इतके बारीक असतात की सहजासहजी दिसत नाहीत. फूल पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारा. कागदावर पिवळट किंवा काळपट बारीक रेघोट्या चालू लागल्या, तर ते फुलकिडे. पाकळीवर रुपेरी किंवा तपकिरी ओरखडे, हीही त्यांची खूण. मावा कोवळ्या दांड्यावर घोळक्याने बसतो. पिठ्या ढेकूण कापसाच्या कणासारखा दिसतो आणि देठाच्या बेचक्यात लपतो. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल, तर ती का लागली ते पाहा. मावा आणि पिठ्या ढेकूण चिकट गोड द्रव टाकतात, त्यासाठी मुंग्या येतात. काही वेळा मात्र निरोगी कळीवरच गोड थेंब येतो, तेव्हा नुसती मुंगी दिसली म्हणून घाबरू नये.

आणखी एक किडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती एक अगदी छोटी माशी असते, आणि कळीत अंडी घालते. अळ्या आतून कळी खातात. कळी पिवळी पडते, वेडीवाकडी होते आणि बहुधा उमलण्याआधीच गळते. संशय आला तर गळलेली कळी टाचणीने उकलून पाहा. आत बारीक पांढरट अळ्या दिसतील. हीच माशी मोगऱ्याच्या कळ्यांनाही लागते. म्हणून मोगरा आणि डेंड्रोबियम शेजारी असतील, तर दोन्हींच्या कळ्या तपासाव्यात. गळलेल्या कळ्या कुंडीत पडू देऊ नयेत, कारण अळ्या खाली उतरून कुंडीतल्या भरावात कोष करतात. कळ्या पिशवीत घट्ट बांधून टाकाव्यात.

किड्यांवर लगेच जहाल औषध आणायची गरज नसते. आधी पाण्याच्या धारेने रोप धुवावे. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढावा. मावा आणि फुलकिडे यांच्यासाठी एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. आधी एका पानावर करून पाहावे आणि आठवड्याने पुन्हा करावे. तेलकट औषध उमललेल्या फुलावर किंवा कडक उन्हात कधीही मारू नये. त्यानेही फूल डागाळते आणि आखडते, आणि आपण पुन्हा किड्यांनाच दोष देत बसतो.

ऊन, वारा आणि आंब्याची अढी

किडा सापडला नाही, तर हवेकडे वळावे. कळी फुगण्याच्या दिवसांत एकाएकी कडक ऊन पडले, हवा कोरडी झाली किंवा पाणी चुकले, की पाकळ्या मोकळ्या होत नाहीत. त्या एकमेकींना चिकटतात, कडा चुरगळतात. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हे फार होते. कोकणपट्टीत दमट हवेमुळे त्रास कमी, पण पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीजवळ तिथेही भाजून निघते. उपाय साधा आहे. दुपारच्या उन्हाला आडोसा करावा, शेजारी पाण्याचे भांडे किंवा ओले गोणपाट ठेवावे, आणि पाणी सकाळी द्यावे.

एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. अनेक ऑर्किडची कळी उमलण्याआधी देठावर अर्धा फेरा घेते, आणि त्यामुळे ओठ खालच्या बाजूला येतो. खाली कुठे आणि वर कुठे, हे ती जमिनीच्या ओढीवरून ओळखते, आणि उजेडाकडेही तोंड करते. अशा वेळी आपण रोज कुंडी फिरवली किंवा आडवी टांगली, तर फुले भलत्याच दिशांना तोंड करून उमलतात. हा रोग नव्हे. कळ्या दिसू लागल्या की कुंडी हलवू नये, एवढेच पथ्य.

आता घरातली एक गोष्ट. उन्हाळ्यात आपण खाटेखाली आंब्याची अढी लावतो. पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यातून, सफरचंदातून इथिलीन नावाचा वायू निघतो. तोच वायू फळाला पिकवतो आणि फुलाला म्हातारे करतो. बंद खोलीत अढीजवळ ऑर्किड ठेवले, तर कळ्या पिवळ्या पडून गळतात, आणि फुले वेळेआधीच मिटतात किंवा सुकतात. धुरातही हा वायू असतो. तेव्हा कळ्यांची कुंडी चुलीपासून, अगरबत्तीपासून आणि फळांच्या टोपलीपासून दूर, मोकळ्या हवेत असावी.

रोप अगदी लहान असेल, मुळे कुजलेली असतील किंवा नुकतीच कुंडी बदललेली असेल, तरीही पहिली फुले नीट येत नाहीत. अशक्त रोपाकडून भरगच्च बहराची अपेक्षा करू नये. मुळे सुधारली की फुलेही सुधारतात.

जन्मजात वेगळेपण

कधी कधी किडा नसतो, हवाही चांगली असते, रोप धट्टेकट्टे असते, आणि तरीही प्रत्येक बहरात प्रत्येक फूल त्याच एका तऱ्हेने वेगळे येते. दोन्ही पाकळ्या ओठासारख्या, किंवा ओठ साध्या पाकळीसारखा. हे रोपाच्या घडणीतच असते. प्रयोगशाळेत एका रोपाची हजारो रोपे करताना असे बदल कधी कधी होतात.

असे फूल पाहून पूर्वीचे पंडितही गोंधळले होते. वनस्पतींना नावे देण्याची पद्धत घालून देणारा स्वीडनचा कार्ल लिनियस याच्यापुढे ऑर्किड नव्हे, पण दुसऱ्या एका रानफुलाचा असाच नमुना आला. १७४४ साली त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि 'राक्षस' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'पेलोरिया' हे नाव दिले. त्या राक्षसाचे कोडे सुटायला अडीचशे वर्षे लागली. १९९९ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की त्या रोपातले एक जनुक जागेवरच होते, फक्त रासायनिक खुणेमुळे मुके झाले होते. ऑर्किडमधली अशी रोपे आज बाजारात हौसेने विकली जातात. म्हणजे राक्षसही नाही आणि शापही नाही. फूल वेगळे आहे आणि रोप निरोगी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते जरूर जपावे.

खरी भीती विषाणूची

आता शेवटचे कारण. मी ते शेवटी सांगते आहे, पण ते सर्वांत गंभीर आहे.

ऑर्किडला अनेक विषाणू लागतात. त्यांतले दोन जगभर पसरलेले आहेत. एक सिंबिडियम मोझॅक विषाणू, आणि दुसरा ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट विषाणू. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी या दोन्ही रोगांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची लक्षणे अशी: फुलाचा रंग फुटतो, म्हणजे एकसारख्या जांभळ्यात फिके किंवा गडद वेडेवाकडे पट्टे येतात. काही वेळा फूल चांगले उमलते, आणि आठवड्याभरात त्यावर तपकिरी रेघा किंवा ठिपके उठतात. फूल लहान आणि मुरडलेलेही येते. पानावर पिवळट पट्टे दिसतात, ते पुढे काळे पडून खोल जातात. परंतु सर्वांत फसवी गोष्ट ही, की विषाणू अंगात असूनही रोप महिनोन् महिने अगदी ठणठणीत दिसू शकते.

यावर औषध नाही. कुठलेही खत, कुठलीही फवारणी रोपातला विषाणू काढू शकत नाही. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी १९६० साली कोंबाच्या टोकाचा अगदी बारीक तुकडा प्रयोगशाळेत वाढवून विषाणूमुक्त रोपे तयार केली. पण ते काम प्रयोगशाळेचे आहे, गॅलरीतले नव्हे.

हे दोन विषाणू पसरतात ते मुख्यतः माणसाच्या हातून. आजारी रोपाचा रस कात्रीला लागतो, आणि तीच कात्री पुढच्या रोपाला लागते. जुनी कुंडी, जुना कोळसा, वरच्या कुंडीतून खालच्या कुंडीत ठिबकणारे पाणी, हेही वाटा करून देतात.

इथे मला माझी कात्री आठवते.

माझ्याकडे फिकट जांभळ्या फुलांची एक कुंडी होती. तिच्या पाकळ्यांवर गडद पट्टे येत. ते दर वेळी वेगळे, एका बाजूला जास्त तर दुसऱ्या बाजूला कमी. ही तिची खास छटा आहे, असे मी कौतुकाने सगळ्यांना सांगत असे. फुले आठवड्यातच तपकिरी पडत, त्याचे खापर मी उन्हावर फोडत असे. मे महिन्यात वाकडी फुले आलेल्या त्या पहिल्या रोपाला पावसाळ्यात पुन्हा दांडा आला, आणि सगळी फुले सरळ उमलली. म्हणजे त्याला उन्हाने आणि फुलकिड्यांनी त्रास दिला होता. ज्याला घरच्यांनी दोषी ठरवले ते निर्दोष निघाले. पण माझ्या लाडक्या पट्टेवालीची शंका मनात आली. ओळखीच्या एका रोपवाटिकेत तपासणीची पट्टी होती. पान वाटून त्या रसात ती बुडवली, आणि विषाणूची रेघ उमटली.

त्या रोपाची दोन पिल्ले मी आधीच वाटली होती. एक शेजारच्या काकूंना, आणि एक नागपूरच्या नणंदेला. ओल्या गोणपाटात गुंडाळून, रात्रभर गाडीत मांडीवर सांभाळून नेले होते. आणि मे महिन्यात तर त्याच कात्रीने नऊच्या नऊ रोपे कापली होती.

दोन दिवस मी गप्प राहिले. सांगितले तर काय म्हणतील, हीच भीती. तिसऱ्या दिवशी ताईंना फोन केला. सगळे सांगून टाकले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, बरं झालं सांगितलंस. उद्याच मी शेजारणीसाठी याचंच पिल्लू काढणार होते." एक दिवस उशीर केला असता, तर रोग आणखी एका घरात गेला असता. शेजारच्या काकूंनी स्वतः कुंडी आणून माझ्या हातात दिली. लिंबू-मिरचीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

काय करावे, काय करू नये

ज्या रोपाचा रंग फुटला आहे ते लगेच बाजूला ठेवावे. त्याला शेवटी पाणी घालावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. जमल्यास तपासणी करून घ्यावी. अशा पट्ट्या मिळतात, आणि प्रयोगशाळेतही तपासणी होते. ऑर्किडवर संशोधन करणारे भारत सरकारचे राष्ट्रीय केंद्र सिक्कीममधील पाकयाँग येथे १९९६ पासून आहे. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर ती तपासणीत दिसेलच असे नाही, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासावे. लागण नक्की झाली, तर मन घट्ट करून रोप नष्ट करावे. कोणाला देऊ नये, विकू तर नयेच. ज्यांना पूर्वी दिले असेल, त्यांना कळवावे.

कापण्यासाठी दर रोपाला नवे ब्लेड घ्यावे. दाढीच्या ब्लेडला फारसा खर्च येत नाही. कात्रीच वापरायची, तर पकडीत धरून तिची पाती गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावीत, आणि थंड झाल्यावरच दुसऱ्या रोपाला लावावीत. नुसत्या स्पिरिटने पुसणे या विषाणूंना पुरत नाही. एका रोपाचा कोळसा किंवा सोडणे दुसऱ्याला घालू नयेत.

पण हेही तितकेच महत्त्वाचे, की एका वाकड्या फुलावरून विषाणूचा निकाल देऊ नये. रंग एकसारखा असेल, पाने स्वच्छ असतील आणि फक्त एकदाच आकार बिघडला असेल, तर किडे पाहा, ऊन पाहा, मुळे पाहा, आणि पुढच्या बहरापर्यंत थांबा. पुष्कळशी रोपे तेवढ्याने सुधारतात.

माझ्या नऊ कुंड्यांपैकी तीन गेल्या. सहा वर्षभर वेगळ्या ठेवल्या, दोनदा तपासल्या, आणि त्या स्वच्छ निघाल्या. नागपूरचे पिल्लू ताईंनी नष्ट केले. गेल्या दिवाळीत मी त्यांना तपासलेल्या जांभळ्या रोपाचे पिल्लू नेऊन दिले, सोबत ब्लेडची एक पुडी. मे महिन्यात वाकडी फुले आली होती, त्याच रोपाचे ते पिल्लू. परवा त्यांनी फोटो पाठवला. चार फुले आहेत, त्यांतले एक जरा वाकडे. खाली लिहिले होते, "वहिनी, रंग एकसारखा आहे. कागदावर झटकून पाहिलं, काही नाही. पुढच्या बहरापर्यंत थांबते."